हातपंपाचं सीटीएम: आठ महिने क्यूब फोडल्यावर

साताऱ्याजवळच्या आमच्या साइटवर २००० किलोन्यूटनचं, हातपंपाचं डिजिटल सीटीएम, म्हणजे काँक्रीटचे ठोकळे दाबून त्यांची ताकद मोजणारं मशीन, घेऊन आठ महिने झाले. आधी हे ठोकळे, म्हणजे क्यूब, शहरातल्या लॅबला पाठवायचो. रिपोर्ट येईपर्यंत वरचा स्लॅब भरून झालेला असायचा.

आमचं बहुतेक काम एम-२५ चं, म्हणजे चौ. मिमीमागे २५ न्यूटन ताकदीच्या काँक्रीटचं. १५० मिमी क्यूबचं क्षेत्रफळ २२,५०० चौ. मिमी, म्हणजे २५ भरायला ५६२.५ किलोन्यूटन लागतात. आमचे क्यूब साधारण ७०० किलोन्यूटनला फुटतात, त्यामुळे मशीनची निम्मी ताकदही लागत नाही.

खरी परीक्षा पंप मारणाऱ्या हाताची. भार चढवायचा वेग मिनिटाला चौ. मिमीमागे १४ न्यूटन, म्हणजे या क्यूबवर सेकंदाला सव्वापाच किलोन्यूटन. ७०० गाठायला सव्वादोन मिनिटं लागायला हवीत. संध्याकाळी घरी जायच्या घाईत मुलं भराभर पंप मारतात आणि वेगानं दाबलं की आकडा फुगतो. म्हणून डिस्प्लेवर वेग दिसणारंच मॉडेल घ्या, चार पैसे जास्त गेले तरी चालतील. मी स्वतः शेजारी उभा राहून वेग बघतो, कारण त्या आकड्याच्या भरवशावर आम्ही पुढचा मजला चढवतो.

चौथ्या महिन्यात तीन क्यूबच्या एका संचाचे आकडे आले चौ. मिमीमागे ३१, ३० आणि २२ न्यूटन. पोटात गोळाच आला. सरासरीपासून १५ टक्क्यांहून जास्त फरक, म्हणजे संच बाद. २२ ला फुटलेला क्यूब उलटसुलट करून पाहिला, तर थापीनं घोटलेली बाजू वर ठेवून दाबला होता. ती बाजू कधीच सपाट नसते. साच्याला लागलेल्या बाजूच वर-खाली यायला हव्यात. तेव्हापासून क्यूब ठेवण्याआधी दोन्ही प्लेटा ब्रशनं झाडतो, एक खडासुद्धा राहू देत नाही. नीट बसलेला क्यूब चारी बाजूंनी सारखा ढासळतो आणि मधे डमरू उरतो. एकाच बाजूनं चिरला, तर मी आकड्यावर विश्वास ठेवत नाही.

तक्रार एकच, पण मोठी. सहाव्या महिन्यात रिलीज व्हॉल्व्हपाशी (भार सोडायच्या झडपेपाशी) तेल झिरपू लागलं आणि भार एका जागी टिकेना. विक्रेत्याचा माणूस यायला तीन आठवडे लागले, तोवर क्यूब पुन्हा शहरात. आता सीलचा जादा सेट कपाटात ठेवलाय, आणि वर्षाच्या कॅलिब्रेशनची तारीख मशीनवरच रंगानं लिहिली आहे.