भिंतीतून निघाला फ्रीजचा कोपरा

मागच्या महिन्यात शेजारच्या तालुक्यातून एका अनोळखी माणसाचा फोन आला. "काकाजी, तुमच्या घरची हीटप्रूफ छपाई कशी आहे? ठेकेदारानं तुमच्याच भितीचा फोटो दाखवला मले." (छपाई म्हणजे आमच्याकडे भिंतीचं प्लास्टर.) म्हणजे गडी अजून धंद्यात आहे आणि माझी भिंत त्याची जाहिरात झाली आहे! म्हणून हे लिहितो आहे.

आमचं घर हिंगणघाट तालुक्यात, गावाच्या काठावर. पश्चिमेची भिंत नऊ इंची, समोर एक झाड नाही. मे महिन्यात रात्री दहालाही तिला पाठ टेकवत नाही. आजोबांच्या मातीच्या घराची भिंत दीड फूट जाड होती, नवतपातही तिथं दुपारी डोळा लागायचा. ते घर आम्हीच हौसेनं पाडलं, आता सांगायचं कुणाला?

कापसाचे पैसे हातात आले होते तेव्हाच हा ठेकेदार गावात फिरत आला. "आइस्क्रीमवाल्याच्या पेटीले आतून थर्माकोल असते ना भाऊ? तेच तुमच्या भितीले बाहेरून लावतो." पटण्यासारखंच होतं. आणि खरं सांगायचं तर पद्धत खोटी नाहीच: भिंतीला थर्माकोलचे बोर्ड चिकटवायचे, त्यांवर जाळी आणि वरून छपाई. थंड मुलखात घराची ऊब टिकवायला हेच करतात, आपण ऊन अडवायला करायचं. भाव ठरला चौरस फुटाला २१० रुपये. भिंत ३४ बाय १०, म्हणजे ७१,४००. चाळीस हजार रोख आगाऊ दिले. "बिल घेतलं तं जीएसटी लागते, कायले उगाच?" म्हणाला, आणि मीही मान हलवली.

काम मे महिन्यात, तीन दिवस. पहिल्या दिवशी मी खुर्ची टाकून बसलो. सिमेंटच्या पोत्यावरची तारीख पाहिली, रेती चाळायला लावली, मिस्त्रीला चहा पाजला. बोर्ड मात्र तोंड शिवलेल्या पोत्यांत होते, ते उघडून पाहायचं सुचलं नाही. दुसऱ्या दिवशी पुतणीच्या लग्नाला गेलो. रात्री येऊन पाहतो तो भिंत करडी, एकसारखी, देखणी. तिसऱ्या दिवशी रंग झाला, त्यानं फोटो काढला, उरलेले पैसे घेतले आणि गेला.

जुलैत झड लागली. खिडकीच्या कोपऱ्यांतून तिरप्या भेगा निघाल्या. बोटानं ठोकलं की रिकाम्या डब्यासारखा आवाज. पोळ्याच्या आदल्या दिवशी पहाटे धाडकन आवाज झाला. चार-पाच फुटांचं खपलं गोठ्याच्या गव्हाणीवर पडलं होतं. नशीब, बैल धुवायला नेले होते.

खपलं उलटवलं. आत थर्माकोलला कोपऱ्यात खोलगट खोबण होती, फ्रीज खोक्यात बसवताना असते तशी. दुसऱ्या तुकड्यावर गोल भोक. एक तुकडा काडीनं पेटवून पाहिला, तर भडकून ठिबकायलाच लागला. जाळी म्हणजे खिडकीला लावतात ती हिरवी मच्छरजाळी, दोन बोटांत चुरा होणारी. आणि मागं, जिथं बोर्ड भिंतीला धरून राहायला हवा, तिथं चिकटवायच्या मसाल्याचे दोनच लाडू, म्हणजे गोळे, तेही जुन्या चुन्यावर मारलेले. चुन्याच्या पापुद्र्यासकट सगळं सुटलं होतं. मधल्या पोकळीत लाल मुंग्यांचं बिऱ्हाड, पांढऱ्या अंड्यांसकट.

नागपूरला भाच्याचा मित्र हीच कामं करतो, त्याला फोटो पाठवले. तो आधी हसला, मग त्यानं नीट सांगितलं. बोर्ड कारखान्यातले हवेत, आग लवकर न धरणारे, घनमीटरला १५ ते २० किलो वजनाचे. भिंत आधी खरवडून धुवायची. मसाला बोर्डाच्या चारही कडांनी पट्टी ओढून आणि मध्ये लाडू ठेवून लावायचा, वर चौरस मीटरला साधारण सहा प्लास्टिकचे खिळे. खाली पट्टी बसवायची, नाहीतर उंदीर-मुंग्यांना दार उघडंच. जाळी सिमेंटच्या खारानं न खाल्ली जाणारी काचधाग्याची, तीही थर्माकोलवर ठोकून नाही, ओल्या मसाल्यात दाबून, दोन पट्ट्या एकमेकींवर दहा सेंटीमीटर चढवून. खिडकीच्या कोपऱ्यांना वेगळे तिरपे तुकडे. आणि वरचा थर खास मसाल्याचा, तीन ते सहा मिलिमीटरच. माझ्या भिंतीवर आपली नेहमीची रेती-सिमेंटची छपाई होती, पाऊण इंच. तेवढं ओझं त्या दोन लाडवांवर लोंबत होतं!

माझी चूक मला नेमकी इथं दिसते. मी पाहिलं ते सगळं वरचं. यातली लबाडी त्याच दिवशी झाकली जाते. लग्नाला जायचंच होतं तर काम एक दिवस थांबवायला हवं होतं, किंवा पोराला प्रत्येक थराचा फोटो काढायला सांगायला हवं होतं.

ठेकेदाराचा फोन लागेना. ग्राहक हेल्पलाइनला, १९१५ वर, फोन केला. त्यांनी पहिल्यांदा बिलच विचारलं. माझ्याकडे व्हॉट्सॲपवरचा भावाचा मेसेज, बस्स. शेवटी सगळं उकरून टाकलं, साधी छपाई केली, सात दिवस सकाळ-संध्याकाळ पाणी मारलं, आणि पश्चिमेला कडुनिंब लावला. तो सध्या कमरेएवढा आहे.

त्या फोनवाल्याला हे सगळं सांगितलं. तो बराच वेळ गप्प होता. त्याच्याकडे माल कालच उतरला होता. म्हटलं, "पोतं उघडा, मी फोनवर थांबतो." सुतळी कापल्याचा आवाज आला.

"काकाजी," तो म्हणाला, "याले तं गोल भोक आहे."