आग्या मोहोळाचा मध दिवसा काढायचा संच: कोणी घ्यावा, काय पाहून घ्यावा

मेळघाट, गडचिरोली, गोंदियाच्या जंगलपट्ट्यात आग्या मोहोळ अजूनही बऱ्याच ठिकाणी रात्री टेंभा पेटवूनच उतरवतात. ठिणग्या खाली पडतात, माश्या उजेडामागे जातात, शेकड्यांनी जळतात आणि अंधारात अख्खं पोळं फांदीपासून कापलं जातं. मधाबरोबर अळ्या आणि कोषही जातात. मग सगळं हाताने पिळायचं. अळ्यांच्या रसाने मध गढूळ होतो, थोड्याच दिवसांत फसफसतो आणि व्यापारी पाडून भाव देतो. नुकसान जंगलाचंही होतं आणि काढणाऱ्याचंही.

दिवसा मध काढायचा संच हा यावरचा उपाय. वर्ध्याजवळ दत्तपूरच्या ग्रामोपयोगी विज्ञान केंद्राने ही पद्धत विदर्भात रुजवायला मोठी मेहनत घेतली. आता असे संच अनेक जण शिवून विकतात. त्यात साधारणपणे पोशाख, जाळीची टोपी, हातमोजे, बूट, स्मोकर (माश्यांवर धूर सोडायचं भात्याचं साधन), सुरी, दोर, झाकणाची बादली आणि गाळायचं कापड असतं. एकट्याने हा संच विकत घेऊ नये, गटाने मात्र जरूर घ्यावा. का, ते पुढे येईलच.

सगळ्यात जास्त फसगत पोशाखात होते. पांढऱ्या सुती कापडाची एकपदरी डांगरी स्वस्त पडते. पण झाडावर चढताना खांदे, कोपर आणि गुडघ्यांवर कापड ताणून अंगाला चिकटतं आणि आग्या माशीची नांगी तिथून सहज आत जाते. कापड जाड असण्यापेक्षा ते अंगापासून सुटं राहणं महत्त्वाचं. म्हणून दोन कापडांमध्ये स्पंजासारखी जाळी असलेला तीनपदरी पोशाख घ्यावा, तोही नेहमीच्या मापापेक्षा एक माप मोठा. घालून उकिडवं बसावं, दोन्ही हात वर करावेत. ज्या जागी कापड ताणलं जाईल, त्या जागी नांगी बसणार हे नक्की. गळ्यापाशी दोन चेन जिथे मिळतात तिथे बोट घालून बघा. बोट आत गेलं तर माशीही जाणार. त्यावर वेल्क्रोची पट्टी असायलाच हवी. तोंडासमोरची जाळी काळी असावी, कारण काळ्या जाळीतून स्वच्छ दिसतं. बाकी पोशाख पांढराच हवा, गडद रंगावर माश्या जास्त चवताळतात. जाळी नाकापासून चार बोटं दूर राहायला हवी. वाकल्यावर ती नाकाला टेकत असेल तर तो पोशाख परत करावा.

हातमोजे आणि बूट बहुतेक संचांत चुकीचेच येतात. जाड चामड्याच्या मोज्यांत दोर नीट धरता येत नाही आणि रबरी मोजे घामाने निसटतात. तळव्याला मऊ चामडं आणि कोपरापर्यंत कापडी बाही असलेले मोजे बरे. गमबूट जमिनीवरच्या माणसाला ठीक. चढणाऱ्याने कॅनव्हासचे बूट घालून त्यावर घोट्यापासून पोटरीपर्यंत पट्टी बांधावी. दोर बहुतेक संचांत देतात, कमरेचा आणि मांड्यांचा सेफ्टी बेल्ट मात्र क्वचितच देतात. माश्यांपेक्षा पडून होणारा अपघात जास्त जीवघेणा असतो. बेल्ट नसलेल्या संचाने झाडावर चढूच नये.

स्मोकरमध्ये वाळलेली शेणी आणि रंग न दिलेल्या गोणपाटाचा तुकडा पेटवावा, वर मूठभर हिरवा पाला टाकावा. धूर आधी तळहातावर घेऊन पाहावा. चटका बसला तर आणखी पाला घालावा, कारण गरम धुराने माश्या पळत नाहीत, भडकतात. थंड धुराने दुसरंही एक काम होतं. एका माशीने डंख मारला की धोक्याचा गंध सुटतो, पिकल्या केळ्यासारखा, आणि त्या वासावर बाकीच्या धावून येतात. तो वास धुराने झाकला जातो. हाच वास पोशाखाच्या कापडात मुरतो. म्हणून पोशाख रोज धुवायचा. न धुता दुसऱ्या दिवशी घातला तर पोळ्यापाशी पोहोचण्याआधीच हल्ला होतो, आणि लोक म्हणतात संच कुचकामी आहे.

वेळ सकाळची धरावी, ऊन चढण्याआधीची. एप्रिल-मेमध्ये दहानंतर तीनपदरी पोशाखात चक्कर येते. कमीत कमी तिघे हवेत: एक वर, एक दोर आणि बादली सांभाळणारा, एक रस्त्यावरची माणसं आणि गुरं लांब ठेवणारा. डंख बसलाच तर नांगी लगेच नखाने खरवडून काढावी. अंगावर गांधी उठली, घसा आवळला किंवा श्वास लागला तर त्या क्षणी काम थांबवून दवाखाना गाठावा.

आता कापणी. संचाचं चीज होतं की नाही, ते इथेच कळतं. आग्या मोहोळाचं पोळं एकच असतं, उघड्यावर लटकणारं. मध सहसा फांदीलगतच्या वरच्या, जाड, फुगीर टोकाला असतो. फांदी तिरकी असेल तर चढत्या बाजूला. बाकी पातळ भागात पिलावा, म्हणजे अंडी, अळ्या आणि कोष. धूर दिल्यावर माश्यांचा पडदा बाजूला सरकतो आणि मेणाची पांढरी टोपणं दिसतात. चारातली तीन घरं टोपण लावलेली असतील तरच कापावं. नसतील तर मध कच्चा आहे, परत फिरावं. पातळ, धारदार स्टीलच्या सुरीने मधाचा तेवढाच भाग कापायचा. पिलाव्याच्या बाजूने दोन बोटं मध सोडायचा आणि फांदीला मेणाची पट्टी राहू द्यायची. त्याच पट्टीवर माश्या पुन्हा बांधतात. फुलोरा टिकला तर दोन-तीन आठवड्यांत तोच भाग पुन्हा भरतो आणि एका हंगामात त्याच मोहोळाचा मध दोनदा-तीनदा मिळतो. टेंभ्याने तो एकदाच मिळतो.

नवखे इथे एक चूक हमखास करतात. काही पोळ्यांत, विशेषतः कड्यावरच्या, मधाच्या खालीच पिलावा लटकलेला असतो. वरचा मध कापला की सगळा पिलावा खाली कोसळतो. अशा पोळ्यातून फक्त कडेचा तुकडा घ्यावा किंवा ते सोडून द्यावं.

बादलीबाबत एक हिशेब लक्षात ठेवा. मध पाण्यापेक्षा जवळपास दीडपट जड असतो. 10 लिटरची बादली मधाने भरली की वजन 14 किलोच्या आसपास जातं. स्वस्त प्लास्टिकची कडी तिथे तुटते. स्टीलची किंवा खाद्यपदार्थांसाठीच्या प्लास्टिकची, झाकण घट्ट बसणारी बादली घ्या. जस्ताचा पत्रा आणि जुने कीटकनाशकाचे डबे मधाला कधीही लावू नयेत. पोळं पिळायचं नाही. टोपणं कापून ते स्टीलच्या जाळीवर ठेवावं आणि बंद खोलीत रात्रभर निथळू द्यावं, खाली नायलॉनचं बारीक कापड. सुती कापड मध पिऊन घेतं. उरलेलं मेण पाण्यात वितळवून विकता येतं, ते फेकू नये.

इथपर्यंत संच काम देतो. पुढचं काम कुठल्याच संचात नसतं, आणि पैसे तिथेच बुडतात. आग्याच्या मधात पाणी मुळातच जास्त असतं. पूर्ण टोपण लावलेल्या मधातही ते 20 टक्क्यांच्या वर निघू शकतं, आणि अन्नसुरक्षा प्राधिकरणाची मर्यादा 20 टक्केच आहे. त्यामुळे मधाचा रिफ्रॅक्टोमीटर, म्हणजे थेंबभर मधातलं पाणी मोजायचं उपकरण, हवाच. तो 58 ते 92 ब्रिक्सचा (ब्रिक्स म्हणजे साखरेच्या प्रमाणाचं माप) असावा. फळांच्या रसाचा घेतला तर उपयोग नाही. मधाच्या रिफ्रॅक्टोमीटरची पट्टी 58 पासून सुरू होते, त्यामुळे तो पाण्याच्या थेंबावर जुळवता येत नाही, सोबत मिळणाऱ्या काचेवर किंवा तेलावर जुळवावा लागतो. पाणी जास्त निघालं म्हणून मध चुलीवर आटवू नका. रंग काळपट होतो, सुगंध जातो आणि एचएमएफ, म्हणजे मध तापल्यावर साखरेपासून तयार होणारं रसायन, वाढतं. त्याची मर्यादा किलोला 80 मिलिग्रॅम आहे. 40-45 अंशांवर निर्वात यंत्रात पाणी कमी करता येतं, पण ते यंत्र एका गावाला परवडत नाही.

म्हणूनच गट हवा, आणि गटांची साखळी हवी. वनधन केंद्राची, म्हणजे वनोपजावर प्रक्रिया करून तो विकणाऱ्या सरकारी योजनेतल्या केंद्राची, रचना सुमारे 300 सभासदांची, बचत गटांनी मिळून केलेली असते. असं केंद्र किंवा ग्रामसभांचा महासंघ एक यंत्र, एक गोदाम आणि एक खरेदीदार सांभाळू शकतो. केंद्र चांगलं आहे की नाही, हे संध्याकाळी मध जमा होताना उभं राहून कळतं. मध आणणाऱ्याच्या डोळ्यांसमोर मोजमाप होतं का? पाण्याच्या टक्क्याप्रमाणे भाव वेगळा मिळतो का? डब्यावर गाव आणि तारीख लिहिली जाते का? पैसे त्याच आठवड्यात मिळतात का? सगळा मध एकाच पिंपात ओतत असतील तर एका कच्च्या डब्याने सगळं पिंप आंबतं. पिकलेल्या आणि कच्च्या मधाला एकच भाव असेल तर कोणीही टोपण लागायची वाट पाहणार नाही. आणि पैसे लांबले की टेंभा पुन्हा पेटतो.

शेजारच्या गावाशीही बोलणी हवीत. एकाने थांबायचं आणि दुसऱ्याने आधी कापून न्यायचं, असं झालं की थांबणारा मूर्ख ठरतो. वनहक्क कायदा, 2006 मध्ये मध आणि मेण गौण वनोपजात आहेत. गोळा करण्याचा, वापरण्याचा आणि विकण्याचा हक्क जंगलात राहणाऱ्या आदिवासींना आणि इतर पारंपरिक वननिवासींना आहे. ज्या गावांना सामूहिक वनहक्क मिळाला आहे, त्यांच्या ग्रामसभा मिळून नियम ठरवू शकतात: कुठल्या तारखेआधी सुरी लावायची नाही, कुठल्या झाडावरची किती मोहोळं तशीच ठेवायची. हा ठराव संच घेण्याआधी व्हायला हवा.

खरेदीचा क्रम असा ठेवा: आधी रिफ्रॅक्टोमीटर आणि स्टीलचे डबे, मग सेफ्टी बेल्ट, मग पोशाख, तोही दहा-बारा जणांच्या गटात तीन. विक्रेत्याने प्रशिक्षणाचे दोन दिवस जंगलात, चालू मोहोळावर द्यायचं कबूल केलं तरच आगाऊ रक्कम द्यावी. पुण्याच्या केंद्रीय मधमाशी संशोधन आणि प्रशिक्षण संस्थेतही चौकशी करता येते. हंगाम संपला की पोशाख उन्हात उलटा टांगून शिवण तपासा, जाळीतलं प्रत्येक भोक त्याच दिवशी शिवा आणि दोर उंदरांपासून लांब, पत्र्याच्या पेटीत ठेवा.