काजळी अडते, वास येतोच: एन९५ मास्क, चार महिने वापरून

माल चढवायच्या धक्क्यावर मी गाड्या लावून घेतो. आठ तास रिव्हर्समध्ये येणारे ट्रक, आणि माझं तोंड सायलेन्सरच्या धुरात. दमा लहानपणापासूनचा. संध्याकाळी छातीत शिट्टी वाजली की पंप काढायचा, हे ठरलेलं. शेवटी छातीचे डॉक्टर म्हणाले, तो रुमाल बांधणं सोड, एन९५ घे. मग डोक्यामागून दोन पट्टे येणारा, झडप नसलेला घेतला.

पहिला आठवडा वाटलं, फसलो. मास्क काढला की आतून पांढराशुभ्र, पण नाकाच्या दोन्ही बाजूंना काजळीची बारीक रेघ. म्हणजे कापड चोख, गळती नाकापाशी. मी वरची पत्र्याची पट्टी चिमटीत दाबत होतो, त्यामुळे मधे कोन पडायचा. दोन्ही हातांच्या बोटांनी मधून बाहेर दाबत नेली, तेव्हा रेघ गेली आणि चष्म्यावर वाफ धरायचीही थांबली. दाढीला मात्र रामराम ठोकावा लागला. खुंट वाढले तरी कडेने हवा शिरते.

एन९५ म्हणजे ०.३ मायक्रॉनच्या आसपासचे किमान ९५ टक्के कण अडवणारा. डिझेलची काजळी बहुतेक याहूनही बारीक, म्हणून तर ती थेट फुप्फुसाच्या पिशव्यांपर्यंत पोचते. इतकी बारीक मग निसटत असेल, असं मला वाटायचं. उलट आहे. ते कण सरळ जातच नाहीत, थरथरत भरकटतात आणि तंतूंना चिकटतात. तंतूंवर वीजभार असतो, म्हणून मास्क साबणाने धुवायचा नाही. मी एकदा धुतला. वाया गेला.

या मास्कला ‘वास येतो’ म्हणून पाचातला एकच तारा देणाऱ्या गिऱ्हाइकांनो, वास येणारच. नायट्रोजन डायऑक्साइड हा वायू आहे, तो या कापडातून आरपार जातो आणि श्वासनलिका सुजवतो. चूक मास्कची नाही, खोक्यावर ‘धुरापासून पूर्ण संरक्षण’ छापणाऱ्याची. एक तारा त्याचाच कापला. २०१२ साली जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने डिझेलचा धूर कर्करोगकारक ठरवलाय, तिथे असली भाषा शोभत नाही.

लंडनमध्ये ६० दमेकऱ्यांना ऑक्सफर्ड स्ट्रीटवर दोन तास चालवलं होतं. त्या रस्त्यावर तेव्हा बस आणि टॅक्सी, सगळं डिझेलवर. हाइड पार्कात चालल्यावर जोरात फुंकून जेवढी हवा बाहेर पडली, तेवढी तिथे पडली नाही. २००७ साली ते छापून आलं. ते दोन तास, माझे आठ. म्हणून मास्क असला तरी गाडी धक्क्याला लागली की आधी इंजिन बंद करायला लावतो. ड्रायव्हर कुरकुरतात, एसी जातो म्हणून.

शिट्टी अजून वाजते, पण रोज नाही. पंप खिशात असतोच, डॉक्टरांनी सोडायला सांगितलेला नाही.

दुसरा तारा पट्ट्यापायी गेला. वरचा पट्टा पिन मारलीय तिथूनच तुटतो. दोनदा तुटला, दुसऱ्यांदा नेमका गाडी मागे घेताना, एक हात वर असताना.