मनालीची जॅकेटं, माणुसकीची भिंत आणि गूंज: थंडीचे कपडे कुठे द्यायचे (पोरांना सोबत घेऊन)

मुंबई-ठाण्यात राहणाऱ्या माणसाकडे थंडीचे कपडे असायचं खरं तर काही कारण नाही, पण माळा उघडून बघा, प्रत्येक घरात एक बॅग निघतेच. मनालीला जायचं म्हणून घेतलेली जॅकेटं, काश्मीरसाठी थर्मल, कोणाच्या तरी बारशाला आलेला हाताने विणलेला स्वेटर, आणि पोरांच्या कपड्यांचं तर विचारूच नका, एक ट्रिप झाली की पुढच्या वर्षी बाह्या कोपरापर्यंत. आमच्याकडे मोठी सातवीत आणि धाकटा दुसरीत, तिचं त्याला चालत नाही कारण तिचं सगळं गुलाबी (थंडीला रंग कळत नाही असं मी बोलून बघितलं, तो म्हणाला मला कळतो). सोसायटीच्या ग्रुपवर दर वर्षी कोणीतरी विचारतंच की हे कुठे द्यायचं, म्हणून एकदाच सविस्तर लिहितेय. आमचे वेगवेगळे मार्ग वापरून झालेत, पोरं बरोबर होती, त्यामुळे रिव्ह्यू त्या अंगानेच आहे.

बोहारणीचं आधी सांगते. सासूबाईंचं मत अजूनही हेच की कपडे द्यायचे तर बोहारणीला, निदान एखादं पातेलं तरी येतं घरात. मला त्यात काही कमीपणा वाटत नाही, उलट तो व्यवहार सरळ आहे, ती घासाघीस करते आपण करतो, कोणी कोणावर उपकार करत नाही. पण आमच्याकडे येणारी लोकरीच्या कपड्यांना हातच लावत नाही, मुंबईत याला गिऱ्हाईक नाही म्हणते, तिला साड्या आणि फुलपँट पाहिजेत. तिचंही बरोबरच आहे. विषय संपला.

मग माणुसकीची भिंत. ही कल्पना मुळात थंडीच्या कोटांसाठीच निघाली हे मला खूप नंतर कळलं. इराणमध्ये मशहद नावाचं शहर आहे, तिथे २०१५ च्या हिवाळ्यात कोणीतरी भिंतीला हूक ठोकून लिहून ठेवलं की नको असेल तर ठेवून जा, पाहिजे असेल तर घेऊन जा, आणि लोकांनी कोट अडकवायला सुरुवात केली. वर्षभरात ते आपल्याकडे आलं, २०१६ च्या दिवाळीच्या आसपास कोल्हापूर वगैरे ठिकाणी माणुसकीची भिंत उभी राहिली, नंतर तर गावोगाव. मला ही कल्पना अजूनही फार आवडते कारण देणारा आणि घेणारा समोरासमोर येतच नाहीत, त्यामुळे कोणाला मान खाली घालावी लागत नाही.

आमच्या जवळच्या भिंतीचं मात्र सांगायलाच पाहिजे. पहिल्या वर्षी रंगवलेली, हँगर लावलेले, उद्घाटनाला नगरसेवक. त्यानंतर बघणारं कोणी नाही. आम्ही गेलो तेव्हा खाली ढीग पडलेला, त्यात इलॅस्टिक गेलेल्या लेगिंग्ज, एकच बूट, फाटकी उशी, कोणीतरी वापरलेले आतले कपडे पण टाकलेले. धाकटा माझ्याकडे बघून म्हणाला, आई इथे ओला कचरा का सुका कचरा? त्याने मस्करी केली नव्हती, त्याला खरंच तसं वाटलं. आम्ही आमचं गाठोडं परत घेऊन आलो. भिंतीचा दोष नाही हो, रोज संध्याकाळी कोणी एक जण येऊन आवरणारा असेल तर अशी भिंत चालते, नसेल तर उकिरडा होतो, इतकं साधं आहे. तुमच्या भागातली कोणी नीट सांभाळत असेल तर जरूर वापरा, पण देण्याआधी एकदा नुसतं जाऊन बघून या.

आता मुख्य, म्हणजे गूंज. नाव बऱ्याच जणांनी ऐकलं असेल, दिल्लीची संस्था, अंशू गुप्तांनी १९९९ मध्ये घरातल्याच ६७ कपड्यांवर सुरू केली, २०१५ मध्ये त्यांना मॅगसेसे मिळालं. मुंबईत त्यांचं काम आहे आणि बऱ्याच शहरांत कपडे घेण्याची ठिकाणं आहेत, त्यांच्या साईटवर आपला भाग टाकून बघायचं. हिवाळ्यात त्यांची ओढा दो जिंदगी नावाची खास मोहीम असते, तेव्हा स्वेटर, जॅकेट, शाली, ब्लँकेट यांच्यावर भर. त्यांचं म्हणणं असं की भूकंप-पूर आला की आपण सगळे धावतो, पण दर वर्षी न चुकता येणारी थंडी ही उघड्यावर झोपणाऱ्या माणसासाठी आपत्तीच असते, फक्त तिची बातमी होत नाही. अंशू गुप्ता भाषणात दिल्लीतल्या एका माणसाबद्दल सांगतात, बेवारस प्रेतं गोळा करून नेणं हे त्याचं काम, थंडीत ते काम वाढायचं. त्याच्या छोट्या मुलीने त्यांना सांगितलेलं की थंडी वाजली की मी प्रेताला मिठी मारून झोपते, ते कूसही बदलत नाही, त्रास देत नाही. हे मी मोठीला सांगितलं, धाकट्याला नाही. प्रत्येक गोष्ट प्रत्येक वयाला सांगायची नसते, आणि रडवून दान करायला लावणं मला पटत पण नाही.

पण पोरांना खरी भावली ती त्यांची क्लॉथ फॉर वर्क (आता डिग्निटी फॉर वर्क म्हणतात) ही पद्धत. म्हणजे कपडे नुसते वाटत नाहीत. गावातली माणसं बसून ठरवतात की आपल्याकडे काय अडलंय, विहीर खणायची, तळ्यातला गाळ काढायचा, रस्ता नीट करायचा, बांबूचा पूल बांधायचा, मग सगळे मिळून ते काम करतात आणि त्याबद्दल त्यांना कपड्यांचं, घरच्या सामानाचं किट मिळतं. मोठी लगेच म्हणाली म्हणजे ते कमावतात, आपण देत नाही. यावर आमच्या घरात चांगलंच वाजलं, कारण नवऱ्याचं म्हणणं, काम केलं तर मजुरी द्या की, शहरातले जुने कपडे कसले देता. मुद्दा अगदीच चुकीचा नाही. मी म्हटलं, काम दुसऱ्या कोणाचं नाही, त्यांच्याच गावाचं आहे आणि कुठलं करायचं ते तेच ठरवतात, आणि हात पसरून घेण्यापेक्षा हे केव्हाही बरं. तो अजून पूर्ण पटलेला नाही. लेक मात्र त्या दिवसापासून गरीब लोकांना देतो असं म्हणत नाही, गावाला पाठवतो म्हणते.

आणि त्याचा परिणाम बॅग भरताना दिसला. एरवी गोळा करून कोंबलं असतं, पण समोरचा कष्ट करून घेणार म्हटल्यावर दोघांनी एकेक कपडा दुकानात ठेवल्यासारखा तपासला. जॅकेटची चेन वर-खाली करून बघितली, एकाची पट्टी तुटलेली, तिथे धाकट्याने स्वतःच्या दप्तराची जुनी पट्टी काढून लावली. खिसे उलटे केले तर सोलंग व्हॅलीतलं मॅगीचं बिल, ओली होऊन वाळलेली दहाची नोट आणि एका खिशात नुसते शेंगदाणे, बहुतेक आजोबांचे. डांबरगोळ्यांचा वास जाईना म्हणून सगळं गच्चीवर उन्हात. दोन बटणं मी लावली, तिसरं लेकीने लावलं, वाकडं लागलं पण घट्ट आहे. पायमोजे आणि हातमोजे जोडी करून दोऱ्याने बांधले, हे नक्की करा कारण एकटा हातमोजा कोणाच्याच कामाचा नाही. कानटोप्या वेगळ्या पिशवीत, आणि पिशवीवर मार्करने कोणत्या वयाचं काय आहे ते लिहिलं.

एका जॅकेटवरून मात्र रडारड झाली. निळं, टोपीला फर असलेलं, धाकट्याला आता दंडात रुततं पण देईना. सासूबाई म्हणाल्या दे रे बाळा, पुण्य लागतं, नवरा म्हणाला पुढच्या ट्रिपला नवीन घेऊ. मला दोन्ही नको वाटलं. पुण्य म्हटलं की परत सौदाच झाला की, आणि बदल्यात नवीन कबूल केलं तर मग बोहारीणच बरी, ती निदान स्टील देते. मी म्हटलं नको देऊस, तुझं आहे. ते जॅकेट अजून घरीच आहे आणि तो एसीमध्ये घालून बसतो. तुमच्यापैकी काही जण म्हणतील लाडावून ठेवलाय, म्हणा, पण हिसकावून घेतलेलं दान कसलं.

काही गोष्टी आधीच माहीत असलेल्या बऱ्या. तुमचं जॅकेट कोणाला मिळालं याचा फोटो वगैरे येईल ही अपेक्षा ठेवू नका, सगळं एकत्र होतं, निवडलं जातं आणि जिथे जे लागेल तिकडे जातं. मला हे बरं वाटलं. दुसरं, ते सामानाबरोबर थोडे पैसेही द्या म्हणतात. यावर ग्रुपवर एकांनी लिहिलेलं की कपडे पण आमचे आणि पैसे पण आमचे? अहो पण धुणं, निवडणं, पोती भरणं, ट्रक, हे फुकट होतं का? तुमच्या ठाण्याच्या माळ्यावरून एखाद्या डोंगरातल्या गावात स्वेटर आपोआप उडत जाणार आहे का? आम्ही पोरांच्या गल्ल्यातले थोडे आणि आमचे थोडे असे दिले. तिसरं, न्यायला गाडी लागते. आम्ही एका ॲपवरून टेम्पो बुक केला (नाव नको), तो तासभर उशिरा आला आणि वर गाठोडी आहेत म्हणून जास्त पैसे मागितले, त्यापेक्षा शेजारच्या दोन-तीन घरांचं एकत्र करा आणि कोणाच्या तरी गाडीतून न्या.

सासूबाईंनी विचारलं, अगदी विटलेलं-फाटलेलं काय करायचं? तर फाटकं कॉटन गूंजला चालतं, त्याचे ते धुऊन-वाळवून सॅनिटरी पॅड करतात, पण ते कपड्यात मिसळू नका, वेगळं बांधून द्या. फाटक्या लोकरीची गोष्ट पोरांना भारी वाटली. पानिपतला अमेरिका-युरोपातले टाकलेले लोकरीचे कपडे जहाज भरभरून येतात, रंगाप्रमाणे वेगळे होतात, बटणं-चेन कापून काढतात, मग यंत्रात पिंजून परत सूत आणि त्या सुताची ब्लँकेटं. आपत्तीच्या वेळी वाटतात ना ती जाड खरखरीत ब्लँकेटं, त्यातली बरीच तिथलीच. लढाई सोडून पानिपतात अजून काय आहे हे पोरांना कळलं तेवढंच.

आता ज्याला शून्य स्टार त्याबद्दल. लेकीच्या आधीच्या शाळेत एक उपक्रम असायचा, मुलांनी स्वेटर आणायचे आणि बसने एका आश्रमशाळेत नेऊन तिथल्या मुलांना स्वतःच्या हाताने द्यायचे. ऐकायला छान. तिथे काय, तर बॅनर, सतरंजीवर बसलेली मुलं, आमची मुलं रांगेत, एकेकाचं नाव पुकारायचं, तिकडचं मूल उठून येणार, हातात स्वेटर, दोघांनी कॅमेऱ्याकडे बघायचं. एका मुलीला मिळालेला स्वेटर तिच्यापेक्षा दोन वर्षं लहान मुलाचा होता, तरी फोटो काढला. माझी लेक घरी येऊन म्हणाली, तिने माझ्याकडे बघितलंच नाही. त्या शाळेने पुढे वर्षभर तो फोटो ॲडमिशनच्या पत्रकावर छापला. मुलांना यातून काय शिकवायचं होतं कोण जाणे, पोज कशी द्यायची ते शिकली असतील.

अजून एक, थोडं विषयाबाहेर वाटेल. माझं माहेर कराडकडचं. दिवाळीच्या सुमाराला कारखाने सुरू झाले की बीड, जालना तिकडून ऊसतोडीच्या टोळ्या येतात त्या मार्च-एप्रिलपर्यंत, नवरा-बायको मिळून एक कोयता (तोडणाऱ्या जोडीलाच तिकडे कोयता म्हणतात), पोरं बरोबर, राहायला कोपी म्हणजे पाचटाची नाहीतर प्लास्टिकची झोपडी, आणि तोडायला पहाटे अंधारात निघायचं. नदीकाठच्या फडात डिसेंबरात काय गारठा असतो ते तिकडच्यांनाच माहीत. आपण थंडी म्हटलं की हिमालयाकडे बघतो. मनालीची जाड जॅकेटं इथे तशी निरुपयोगी, दुपारी उकडतं, त्यापेक्षा साधे स्वेटर, कानटोपी, पायात काहीतरी आणि मुख्य म्हणजे ब्लँकेट लागतं. म्हणून आम्ही आता दोन वाटे करतो, जाड जॅकेटं आणि थर्मल गूंजला, हलकं सगळं माहेरी. तिथे भाऊ साखरशाळेतल्या (म्हणजे ऊसतोडीवाल्यांच्या पोरांच्या शाळेतल्या) बाईंना विचारून देतो, किती मुलं, कोणत्या वयाची, आधी विचारायचं मग पाठवायचं. २०१९ च्या पुरात सांगली-कोल्हापूरकडे जुने कपडे पाठवू नका म्हणून आवाहनं फिरत होती ते आठवत असेल, न विचारता पाठवलं की तसं होतं.

तर स्टार: गूंजला साडेचार, अर्धा कापला कारण गाडीशिवाय न्यायचं अवघड. भिंतीला सांभाळणारा असेल तर चार, नसेल तर एक. बोहारणीला तीन, स्वेटर घेतले असते तर जास्त. शाळेच्या त्या कार्यक्रमाचं वर आलंच.

आणि डिसेंबर संपत आल्यावर बॅग काढू नका, पोचेपर्यंत थंडी संपलेली असते. २ ते ८ ऑक्टोबर दानउत्सव म्हणजे देशभर दान देण्याचा आठवडा असतो, त्या आठवड्यात बऱ्याच ठिकाणी कपडे घेतात, दसरा-दिवाळीची साफसफाई पण तेव्हाच निघते, माळा तसाही उघडणारच असतो. आमच्या बिल्डिंगमधून कोणाला एकत्र पाठवायचं असेल तर बी विंगच्या खाली पिशव्या आणून ठेवा, फक्त धुऊन आणा, आणि खिसे तपासा.