बर्फातल्या गावांच्या चित्रांसाठी कॉटन कागद: काही महिने वापरल्यानंतर

गेल्या हिवाळ्यापासून बर्फातली गावं मी फक्त 300 जीएसएमच्या (चौरस मीटरला 300 ग्रॅम वजनाच्या), 100 टक्के कॉटन, कोल्ड प्रेस (किंचित खरखरीत पृष्ठभागाच्या) कागदावर जलरंगात रंगवतोय. विषय हिमाचलमधल्या लाहौलचा, तिथल्या सिस्सू गावाचा आणि आसपासचा. 2020 मध्ये अटल बोगदा सुरू झाला आणि भर हिवाळ्यात तिकडे पोचणं सोपं झालं. सपाट छपरांची घरं, छपरावर रचलेला चारा, छाटलेल्या विलो झाडांची रांग, बाकी सगळं पांढरं.

जलरंगात हे पांढरं म्हणजे राखलेला कोरा कागद. म्हणून बर्फ रंगवायचा तर रंगांआधी कागदावर खर्च करा, असं माझं ठाम मत झालंय. लाकडाच्या लगद्याच्या स्वस्त कागदावर वॉश (पातळ रंगाचा पसरट हात) अर्ध्यातच सुकतो आणि कडेला गडद रेघ उमटते. बर्फावरची सावली तिथेच मरते, कारण ती घरापाशी रेखीव असते आणि लांब जाताना मऊ होत जाते. कॉटन ओल धरून ठेवतो. अल्ट्रामरीन निळ्यात किंचित बर्न्ट सिएना (तांबूस तपकिरी) मिसळून सावली एका दमात टाकायची आणि नुसत्या ओल्या ब्रशने लांबची कड सोडवायची. ती अलगद विरते. अल्ट्रामरीनचे कण कागदाच्या खळग्यांत बसतात, त्यामुळे भुसभुशीत बर्फाचा पोत आपसूक येतो. सावली निळी ठेवायला बिचकू नका: तिथे मुख्यतः आकाशाचाच उजेड पोचतो. फ्रेंच चित्रकार मोनेने 1868-69 च्या हिवाळ्यात नॉर्मंडीत रंगवलेल्या 'द मॅगपाय'मधलं कुंपण आणि त्याची सावली जरूर बघा.

दगडी भिंतींसाठी कोरडा ब्रश आडवा ओढला की मध्ये मध्ये पांढरं सुटतं, फटींत बर्फ अडकल्यासारखं. मास्किंग फ्लुइड (पांढरं राखायला कागदावर लावायचा रबरासारखा द्रव) त्याच दिवशी काढलं तर कागद सोलवटत नाही.

जागेवर मात्र कोणताच कागद कामाचा नाही. शून्याखाली वॉश वाळायच्या आत गोठतो, आणि आत नेला की वितळून पसरतो. मी बाहेर पेन्सिलने रेखाटन आणि रंगांच्या नोंदी करतो, वॉश घरात तंदूरच्या, म्हणजे खोली तापवायच्या लाकडाच्या शेगडीच्या उबेला.

तक्रारी दोन. मोठा वॉश दिला की 300 जीएसएमही फुगतो; चारही बाजूंनी बोर्डावर चिकटवावाच लागतो. दुसरी जास्त गंभीर: मुंबईच्या पावसाळ्यात दमट हवेने साइझिंग (रंग लगेच शोषला जाऊ नये म्हणून कागदाला दिलेली खळ) बिघडतं, मग रंग टीपकागदावर पडल्यासारखा डागाडागाने शोषला जातो. सिलिका जेल घालून झिपच्या पिशवीत ठेवा.

किंमत झोंबते, हे खरं. 22 बाय 30 इंचाचा पूर्ण ताव घेऊन त्याचे चार तुकडे करा. मागची बाजूही रंगवता येते, सावल्यांच्या सरावाला ती उत्तम.