थर्मोग्राफी की मॅमोग्राफी? माझा कल कुठे, आणि का

स्तनांच्या कर्करोगासाठीच्या या दोन्ही तपासण्या, म्हणजे त्वचेच्या उष्णतेचे फोटो काढणारी थर्मोग्राफी आणि स्तनांचा एक्स-रे काढणारी मॅमोग्राफी, मी स्वतः करून घेतल्या आहेत, म्हणून चार शब्द लिहितेय. काहीच त्रास नाही पण वेळेवर तपासून घ्यायचंय, अशा बाईसाठी ही तुलना आहे. हाताला गाठ लागत असेल, स्तनाग्रातून रक्तासारखा स्राव येत असेल किंवा त्वचा आत ओढल्यासारखी दिसत असेल, तर हे वाचत बसू नका, थेट डॉक्टरांकडे जा.

सोयीचं म्हणाल तर थर्मोग्राफी सहज जिंकते, हे मान्य करायलाच हवं. गार खोलीत कमरेपर्यंतचे कपडे काढून, हात अंगापासून दूर धरून थोडा वेळ बसायचं, म्हणजे त्वचेचं तापमान स्थिरावतं. मग समोरून आणि दोन्ही बाजूंनी कॅमेरा फोटो घेतो. कुणी हात लावत नाही, दाबत नाही, किरणोत्सर्ग नाही. पडद्यावर आपलंच शरीर लाल, पिवळ्या, निळ्या पट्ट्यांत दिसतं. ज्यांना दुसऱ्याचा हात लागण्याचाच संकोच वाटतो, त्यांच्यासाठी ही गोष्ट लहान नाही.

मॅमोग्राफीत स्तन दोन प्लेटांमध्ये दाबला जातो, आधी वरून खाली, मग तिरका. तिरक्या फोटोला तंत्रज्ञ काखेजवळचा भागही ओढून आत घेते आणि ‘श्वास रोखा’ म्हणते. तेवढे क्षण मला नकोसे झाले, पण प्लेट सुटली की दुखणंही सुटलं. काहीजणींना यापेक्षा बरंच जास्त दुखतं, हेही खरं. किरणांची भीती मात्र मला फारशी वाटली नाही. दोन्ही बाजूंच्या नेहमीच्या तपासणीत मिळून साधारण 0.4 मिलिसिव्हर्ट इतका डोस जातो. निसर्गातून आपल्याला जवळपास सात आठवड्यांत तेवढा मिळतच असतो.

इथपर्यंत पारडं थर्मोग्राफीकडे झुकलेलं होतं. ते फिरलं रिपोर्ट हातात आल्यावर. एका बाजूला उष्णता जरा जास्त दिसते, काही महिन्यांनी पुन्हा फोटो काढून तुलना करावी, दरम्यान मॅमोग्राफीही करून घ्यावी, असं त्यात लिहिलं होतं. जास्त म्हणजे नेमकी कुठे, किती खोल, कशामुळे, यातलं काहीच नाही. तपासायला तुकडा काढण्यासाठी सुई घालायची म्हटली तरी जागा सांगता येणार नाही. म्हणजे काळजी मिळाली आणि मॅमोग्राफीही टळली नाही. मग मनात आलं, रिपोर्ट अगदी स्वच्छ आला असता तरी काय झालं असतं? त्या भरवशावर मॅमोग्राफी सोडता आली नसतीच. दोन्ही उत्तरांनी आपल्याला एकाच दारात नेऊन सोडणारी तपासणी पहिली निवड म्हणून मला पटेना. माझ्यापुरता प्रश्न तिथेच सुटला.

यामागचं कारणही समजून घेण्यासारखं आहे. वाढत्या गाठीला जास्त रक्त लागतं, आजूबाजूला नव्या रक्तवाहिन्या तयार होतात, त्यामुळे वरची त्वचा किंचित गरम होऊ शकते. कल्पना चुकीची नाही. पण कॅमेऱ्याला दिसते ती फक्त त्वचा. खोलवरची किंवा सावकाश वाढणारी गाठ वरपर्यंत उष्णता पोचवेलच असं नाही, आणि साधी सूज किंवा जंतुसंसर्गही त्वचा गरम करतोच. स्तनांसाठी हे तंत्र 1956 पासून वापरून पाहिलं जातंय. 1970 च्या दशकात अमेरिकेतल्या मोठ्या तपासणी प्रकल्पात सुरुवातीला थर्मोग्राफी होती. तिने निम्म्याहूनही कमी कर्करोग पकडले, म्हणून ती लवकरच वगळली गेली. तिथल्या औषध प्रशासनाने 1982 मध्ये तिला परवानगी दिली ती केवळ जोडीची तपासणी म्हणून. मॅमोग्राफीऐवजी ती करू नका, असा इशारा तेच प्रशासन 2019 मध्येही देत होतं.

मॅमोग्राफीत मोहरीपेक्षाही बारीक कॅल्शियमचे कण दिसतात. दुधाच्या नलिकांमध्येच असलेला, गाठ म्हणून हाताला न लागणारा कर्करोग अनेकदा या कणांवरूनच ओळखला जातो. शिवाय ती केल्याने मृत्यू कमी होतात का, हे स्वीडनमध्ये 1977 पासून हजारो बायकांच्या दोन गटांत पाहिलं गेलं आणि तपासणीला बोलावलेल्या गटात ते कमी झाले. थर्मोग्राफीकडे असा पुरावा नाही.

मॅमोग्राफी निर्दोष आहे असं मी म्हणणार नाही. आठातला साधारण एक कर्करोग तिच्याही नजरेतून सुटतो. दाट स्तन असतील, म्हणजे त्यांत चरबी कमी आणि ग्रंथींचा भाग जास्त असेल, तर ती आणखी कमी पडते, कारण दाट भागही पांढरा आणि गाठही पांढरी. तेव्हा सोनोग्राफीबद्दल विचारून घ्या. आई किंवा बहिणीला कमी वयात हा आजार झाला असेल, तर एमआरआयचाही विषय काढा. पुन्हा बोलावणं आलं तर धीर सोडू नका. अशा दहाजणींत एकीलाही कर्करोग निघत नाही.

थर्मोग्राफी करूच नका, असं मी कुणालाही सांगत नाही. हौस म्हणून, जोडीला, करायची तर करा. फक्त मॅमोग्राफीची तारीख आधी ठरवा. ती पाळी संपल्यानंतरच्या आठवड्यात घेतलीत तर स्तन कमी दुखरे असतात. त्या दिवशी काखेत पावडर किंवा डिओडरंट लावू नका, त्याचे कण फोटोत कॅल्शियमसारखे दिसू शकतात. आणि जुन्या फिल्म असतील तर सोबत न्या. आधी नसलेलं काही आता दिसतंय का, हे रेडिओलॉजिस्टला त्यावरूनच कळतं.