ट्युटोरियलला लायसन्स कोणतं: सीसी-बाय की सीसी-बाय-एसए?

गिम्प हे चित्रं संपादित करायचं सॉफ्टवेअर शिकवणारा व्हिडिओ तयार आहे, पण मैत्रिणीचं घोडं लायसन्सपाशी अडलंय. सीसी म्हणजे क्रिएटिव्ह कॉमन्स, आपलं काम इतरांना वापरू देणारी तयार लायसन्सं; त्यांतलं सीसी-बाय (पुढे नुसतं ‘बाय’) घ्यावं की सीसी-बाय-एसए (पुढे ‘एसए’)? आधी एक भीती काढून टाकू: गिम्प जीपीएल या मुक्त सॉफ्टवेअरच्या लायसन्सखाली आहे म्हणून व्हिडिओ जीपीएल होत नाही. ते लायसन्स प्रोग्रामच्या कोडला. आवाज आणि मांडणी तुमचीच.

दोन्हींत श्रेय द्यावंच लागतं, दोन्हींत कुणी व्हिडिओ विकूही शकतो आणि दिलेली परवानगी मागे घेता येत नाही. खरा फरक बदल करून पुढे देताना. समजा, कुणी तुमची दहा मिनिटं कापून त्यावर दुसऱ्या भाषेतला आवाज चढवला. बायमध्ये तो नवा भाग त्याला स्वतःच्या हक्कात बंद ठेवता येतो. एसएमध्ये तोही त्याच अटींवर खुला करावा लागतो. मला हेच न्याय्य वाटतं.

सोयीत बाय पुढे: यूट्यूबच्या सेटिंगमध्ये तेच निवडता येतं, एसए वर्णनात लिहावं लागतं. आणि पार्श्वसंगीत तपासा! एसएखालचं संगीत दृश्यांशी जुळवलंत, तर अख्खा व्हिडिओ एसएच करावा लागतो, निवड उरतच नाही.

कुणीही, कुठेही, बिनघोर वापरावं एवढंच हवं असेल तर बाय. भाषांतरं आणि सुधारणा पुन्हा सगळ्यांना मिळाव्यात असं वाटत असेल तर एसए.